झुकतं माप आणि पासंग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातलं भाषण)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा साधी होती. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा मी संगणकावर, मोबाइलवर, झालंच तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी बोलेन. तो विषय शेवटी थोडासा येईल, काळजी नको. पण आज मी बोलणार आहे ते टीव्हीवरच्या खेळांच्या समालोचनाबद्दल आणि त्यातल्या पक्षपाताबद्दल. इथे पेणहून, रोह्याहून, मुंबई-पुण्याहून आलेली माणसं बसली आहेत. कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार, कोणी धाटावच्या कारखान्यात, कोणी घर सांभाळणारी. आपण सगळे मिळून एकच एक गोष्ट ऐकतो अशी फार थोडी उदाहरणं सापडतात, आणि सामन्याचं समालोचन हे त्यातलं एक आहे. आपली मुलंही तेच ऐकत मोठी होतात. म्हणून हा विषय.

सुरुवातीला दोन मराठी शब्द सांगते. दोन्ही बाजारातले आहेत.

पहिला शब्द झुकतं माप. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की दुकानदार तराजू जरा जास्त झुकवतो. ते हातानं केलेलं असतं, डोळ्यांना दिसतं, आणि ज्याच्या बाजूनं झुकलं त्याला आवडतंही. दुसरा शब्द पासंग. जुन्या तराजूची दोन पारडी कधीच अगदी सारख्या वजनाची नसत. म्हणून जाणता दुकानदार आधी रिकामा तराजू उचलून बघे आणि हलक्या पारड्याला खडा किंवा तारेचा तुकडा बांधी. दोन पारड्यांमधला तो फरक म्हणजे पासंग. 'अमुक त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असं आपण म्हणतो तो हाच. पासंग काढलेला नसेल तर दुकानदार कितीही प्रामाणिक असो, प्रत्येक गिऱ्हाइकाला चुकीचंच वजन मिळतं, आणि त्यात कोणाची लबाडीही नसते.

समालोचनात हे दोन्ही प्रकार आहेत. आपण भांडतो ते झुकत्या मापावरून. नुकसान जास्त होतं ते पासंगामुळे. माझं म्हणणं एवढंच आहे, आता ते जरा उलगडून सांगते.

आधी झुकतं माप. आपल्या तालुक्यांना ते काही नवं नाही. सामना पेणला असला की माइक पेणकराच्या हातात, रोह्याला असला की रोहेकराच्या. घरच्या संघाच्या चढाईपटूनं नुसती रेषा ओलांडली तरी 'काय चढाई, काय चढाई!' आणि पाहुण्यांनी तिघांना बाद केलं तर माइकवरून स्वच्छ शांतता. सगळ्यांना ठाऊक असतं, सगळे हसतात, घरी जाताना सगळ्यांना खरा निकालही माहीत असतो.

मोठ्या पातळीवर मात्र या झुकत्या मापाला पैसे आणि करार चिकटतात. भारतातल्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामन्यांचं चित्रण गेली बरीच वर्षं क्रिकेट मंडळ स्वतः करून घेत आलं आहे, आणि त्या प्रक्षेपणातले समालोचक मंडळाशी करार केलेले असतात. म्हणजे ज्याच्या कारभारावर बोलायचं तोच मानधन देणार. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल यांनी २०१३ मध्ये असं एक आमंत्रण नाकारलं. संघनिवड, डीआरएस आणि मंडळाचा कारभार या विषयांवर बोलायचं नाही, अशी अट असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. अशा अटीखाली समालोचक खोटं काहीच बोलत नाही. काही गोष्टी फक्त बोलल्या जात नाहीत, आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला त्या वगळल्या गेल्याचं कळतही नाही.

दुसरं उदाहरण २०१६ चं. २३ मार्चला बंगळुरूला टी-ट्वेंटी विश्वचषकात भारतानं बांगलादेशला एका धावेनं हरवलं. त्यानंतर अमिताभ बच्चन यांनी ट्विटरवर तक्रार केली, की भारतीय समालोचकानं सारखं दुसऱ्यांबद्दल बोलण्यापेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. कर्णधार धोनीनं ते ट्वीट पुढे पाठवलं. हर्षा भोगले यांनी तेव्हा बाजू मांडली ती अशी, की इंग्रजी समालोचन जगभर जातं, ते बांगलादेशातही ऐकलं जातं, त्यामुळे दोन्ही संघांबद्दल बोलणं भाग आहे. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या समालोचकांमध्ये भोगले नव्हते. कारण जाहीर झालं नाही, आणि या दोन घटनांचा संबंध होता असं अधिकृतपणे कोणी म्हटलेलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही. पण तक्रार नीट बघा. समालोचक पक्षपाती आहे, अशी ती तक्रार नव्हतीच. तो पुरेसा पक्षपाती नाही, अशी होती! म्हणजे झुकत्या मापाची मागणी गिऱ्हाईकच करतं. आपणच करतो.

तिसरं उदाहरण संजय मांजरेकरांचं. २०१९ च्या विश्वचषकाच्या वेळी रवींद्र जाडेजा हा थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी करणारा खेळाडू आहे आणि असे खेळाडू आपल्याला एकदिवसीय सामन्यांत पसंत नाहीत, अशा अर्थाचं ते बोलले. जाडेजानं ट्विटरवर खरमरीत उत्तर दिलं, आणि मग मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ५९ चेंडूंत ७७ धावा केल्या. भारत १८ धावांनी हरला, पण जाडेजाचं उत्तर सगळ्यांनी पाहिलं. मांजरेकरांनाही आपला अंदाज चुकल्याचं मान्य करावं लागलं. पुढे मार्च २०२० मध्ये मंडळाच्या समालोचकांमधून मांजरेकरांना वगळल्याची बातमी आली. मला विचाराल तर जाडेजाचं ते प्रकरण निकोप होतं. मत उघड होतं, मत देणाऱ्याचं नाव होतं, खेळाडूला उत्तर देता आलं, आणि मत चूक ठरल्याचंही दिसलं. मत चुकलं म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते मत आहे हेच कोणाला कळत नाही तेव्हा.

इथून पासंगाकडे वळते.

आपल्या शिक्षकांपैकी अनेकांनी बाळ पंडितांचं आकाशवाणीवरचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकलं असेल. रेडिओवर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसे. त्यामुळे समालोचकाचं पहिलं काम माहिती देण्याचं होतं. चेंडू कुठे पडला, कुठे गेला, कोणी अडवला, धावा किती झाल्या. विशेषणांना जागा उरे, पण थोडी. टीव्हीवर चेंडू आपल्यालाच दिसतो. मग समालोचकाला बोलायला उरतं काय? तर 'का'. हा का जिंकला, ती का चुकली, याच्यात असं काय आहे जे त्याच्यात नाही. टीव्हीचा समालोचक दिवसभर कारणं देत असतो, आणि ती त्याला एका सेकंदात द्यायची असतात. एका सेकंदात माणूस विचार करत नाही. आधीपासून मनात जे तयार पडलेलं असतं तेच तो उचलतो. पासंग तिथे बसतो.

हे मोजता येतं, आणि मोजलं गेलं आहे. २०२० मध्ये रनरिपीट या डेन्मार्कच्या कंपनीनं इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या साथीनं एक अभ्यास केला. इंग्लंड, इटली, स्पेन आणि फ्रान्स इथल्या लीगचे ८० सामने घेतले, ६४३ खेळाडूंबद्दलची २०७३ विधानं वेगळी काढली आणि खेळाडूंच्या त्वचेच्या रंगाप्रमाणे तपासली. ताकदीबद्दलचं विधान गोऱ्या खेळाडूपेक्षा सावळ्या किंवा काळ्या खेळाडूबद्दल असण्याची शक्यता ६.५९ पट निघाली, वेगाबद्दलचं ३.३८ पट. बुद्धीबद्दलचं कौतुक मात्र ६२.६ टक्के गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला गेलं. लक्षात घ्या, यातलं एकही वाक्य एकेकटं ऐकलं तर आक्षेपार्ह नाही. 'काय जबरदस्त ताकद आहे!' ही स्तुतीच आहे. दोन हजार वाक्यं एकत्र ठेवली तेव्हा कुठे कळलं, की एकाला शरीर दिलं जातंय आणि दुसऱ्याला डोकं.

आता युरोप सोडा आणि आपल्या मैदानावर या. खारेपाटातला मुलगा चढाईला उतरला की माइकवरून काय येतं? 'काटक गडी', 'मातीतला खेळाडू', 'रांगडा'. रोह्याच्या डोंगरातल्या वाडीवरची कातकरी किंवा ठाकर मुलगी धावण्याच्या शर्यतीत पहिली आली की ठरलेलं वाक्य येतं, 'यांच्या रक्तातच असतं ते.' शहरातल्या शाळेतला मुलगा जिंकला की तो 'अभ्यासू', त्याचं 'तंत्र' चांगलं, त्याच्या 'प्रशिक्षकांचं श्रेय'. बोलणाऱ्याच्या मनात तिरस्कार नसतो. उलट कौतुकच असतं. पण हे कौतुक त्या मुलाकडून काय काढून घेतं ते बघा.

कबड्डीच्या एका चढाईला ३० सेकंद मिळतात. त्या ३० सेकंदांत चढाईपटूच्या डोक्यात काय काय चालू असतं? समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तरच बोनस मिळतो, म्हणून आधी मोजणी. तीन किंवा कमी असतील आणि आपण पकडले गेलो तर त्यांना सुपर टॅकलचा जादा गुण, म्हणून जपून. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील तर ही 'करो या मरो', गुण आणलाच पाहिजे. निदान रेषा ओलांडली का, डावा कोपरा पुढे सरकला का, साखळी कोणत्या बाजूनं बंद होते आहे, आपल्या संघाचे कोण बाहेर बसलेत आणि कोणाला आत आणायचंय, लोण चढायला किती उरलेत. हे सगळं तोंडानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत, दम न सोडता. मी रोजच्या कामात संगणकाला शिकवते त्यातलं बरंचसं याहून सोपं असतं. आणि हे करणाऱ्या मुलाला आपण 'काटक' म्हणून मोकळे होतो.

'रक्तातच आहे' म्हटलं की पुढची वाक्यं आपोआप येतात. रक्तात आहे, मग शिकवायची काय गरज? रक्तात आहे, मग त्यानं पहाटे उठून केलेला सराव कुठे गेला? पीटीच्या सरांनी शाळा सुटल्यावर थांबून घेतलेली मेहनत कुठे गेली? आणि ज्याच्या रक्तात नाही, त्यानं खेळूच नये का? प्रशिक्षण कोणाला द्यायचं, संघात कर्णधार कोणाला करायचं, हे ठरवणारी माणसंही हेच समालोचन ऐकत असतात. ताकदीच्या मुलाला पकडीला ठेवायचं आणि डोक्याच्या मुलाला कर्णधार करायचं, हा निर्णय मैदानावर होण्याआधी कानांत झालेला असतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. आपल्या भागातल्या किती घरांना त्या एका वाटेची आशा असते ते मी तुम्हाला सांगायला नको. त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा कोणीतरी कोणाबद्दल काय बोललं यावरही अवलंबून असतो.

आता पासंगाचा दुसरा खडा. मुली.

अमेरिकेत मायकेल मेसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मधल्या टेनिसच्या आणि कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्यांचं समालोचन तपासलं, आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. टेनिसमध्ये स्त्री खेळाडूंचा उल्लेख नुसत्या पहिल्या नावानं ५२.७ टक्के वेळा झाला होता, पुरुषांचा ७.८ टक्के वेळा. बास्केटबॉलमध्ये पुरुषांच्या सामन्याला नुसता 'सामना' म्हणत आणि बायकांच्या सामन्याला 'महिलांचा सामना'.

ही पट्टी जशीच्या तशी आपल्याकडे लावता येणार नाही. आपण पुरुषांनाही सचिन, रोहित, विराट असंच म्हणतो, आणि ते प्रेमानं. आपला पासंग दुसरीकडे आहे. तो 'लेक' या शब्दात आहे. महिला संघ जिंकला की मराठी वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांत 'भारताच्या लेकी', 'आपल्या पोरी', 'मुलींनी करून दाखवलं'. पुरुष संघ जिंकला की 'वाघ', 'शिलेदार', 'रणझुंजार'. पस्तिशी ओलांडलेली कर्णधारही 'मुलगी' असते आणि एकोणीस वर्षांचा नवखा फलंदाज 'शिलेदार'. 'लेक' या शब्दावर माझा राग नाही. माझे बाबा मला लेकच म्हणतात. पण लेक ही कोणाची तरी असते, आणि लेकीचं कौतुक तिनं काय केलं यापेक्षा ती आपली आहे म्हणून होतं. त्या कौतुकात तिचा कव्हर ड्राइव्ह हरवतो.

दुसरा शब्द 'असून'. 'मुलगी असून काय फटका मारला!' आणि तिसरी सवय तुलनेची. स्मृती मानधना सांगलीत वाढली. तिच्या पाठीवर १८ आकडा आहे, कारण तिचा वाढदिवस १८ जुलैचा. विराट कोहलीचाही आकडा १८, म्हणून दोघांची तुलना इतकी झाली की शेवटी तिलाच ती आपल्याला आवडत नसल्याचं सांगावं लागलं. मिताली राजला २०१७ च्या विश्वचषकाआधी एका पत्रकारानं विचारलं, की तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण. हाच प्रश्न तुम्ही पुरुष क्रिकेटपटूला विचारता का, असं तिनं उलट विचारलं. समालोचनाच्या संदर्भात मला त्या उत्तराचा फार उपयोग होतो. कोणतंही वाक्य ऐकलं की ते मनात उलटवून बघायचं. 'पुरुष असून काय संयमानं खेळला!' कसं वाटतं? 'भारताच्या लेकांनी विश्वचषक जिंकला.' हसू येतं ना? जिथे हसू येतं तिथे पासंग आहे असं समजावं.

बदल होतो, हेही सांगितलं पाहिजे. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीनं सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांत 'बॅट्समन' काढून 'बॅटर' हा शब्द आणला. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, आज समालोचक सहज बॅटर म्हणतात. मराठीला तर तीही अडचण नाही. 'फलंदाज' हा शब्द दोघांनाही चालतो. आपली भाषा तिथे आधीच पुढे होती.

पासंगाचा तिसरा खडा सगळ्यात जड, आणि त्याचा आवाजच येत नाही. तो म्हणजे न बोलणं.

२०२५ मध्ये भारताच्या महिलांनी तीन खेळांत विश्वचषक जिंकले. २ नोव्हेंबरला क्रिकेटचा. तो आपल्या अगदी शेजारी, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, दीप्ती शर्मानं अर्धशतक केलं आणि पाच बळीही घेतले. तो सामना इथे कोणी पाहिला नाही असं होणारच नाही. आता पुढचे दोन सांगते. २४ नोव्हेंबरला ढाक्यात महिला कबड्डीचा विश्वचषक, चायनीज तैपेईला ३५-२८ असं हरवून. आणि त्याआधी १९ जानेवारीला दिल्लीत महिला खो-खोचा पहिला विश्वचषक, नेपाळला ७८-४० असं हरवून. खो-खोच्या संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. किती जणांना हे नाव माहीत होतं? हात वर करा म्हणत नाही, आपण सगळे एकाच नावेत आहोत.

कबड्डी हा आपल्या जिल्ह्याचा खेळ. २०१२ मध्ये पाटण्याला महिला कबड्डीचा पहिला विश्वचषक झाला. भारत जिंकला, आणि त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. दुसरा विश्वचषक व्हायला २०२५ उजाडलं. मधल्या तेरा वर्षांत काय झालं? २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपला खेळ घराघरांत गेला. पुरुषांचा. २०१६ मध्ये त्याच प्रो कबड्डीच्या सोबत महिलांचे तीन संघ उतरवले गेले. अंतिम सामना २४-२३ असा सुटला. एका गुणानं! याहून रंगतदार काय हवं? पण त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झाला नाही. 'बायकांचे सामने कोणी बघत नाही' असं म्हणणाऱ्यांनी आधी ते दाखवून बघायला हवं होतं. न दाखवलेल्या सामन्याचं समालोचन नसतं, समालोचन नाही म्हणून नावं कळत नाहीत, नावं कळत नाहीत म्हणून कोणी बघत नाही. हे चक्र आहे, आणि त्यात कोणालाच खोटं बोलावं लागत नाही.

हे फक्त वाहिन्यांचं नाही. आपल्या भागातल्या एका कबड्डी स्पर्धेचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण मी काही महिन्यांपूर्वी पाहत होते. मुलींचा अंतिम सामना चालू होता आणि माइकवरून पाहुण्यांचे सत्कार चालू होते. शाल, श्रीफळ, नावं, पदं. पडद्यावर डाव्या कोपऱ्यातल्या एका मुलीनं अशी सुंदर घोट्याची पकड केली, की मी खुर्चीतून उठले. माइकवर त्या क्षणी एका मान्यवरांना व्यासपीठावर येण्याची विनंती होत होती. त्या मुलीचं नाव मला अजून माहीत नाही. पुढचा मुलांचा सामना सुरू झाला तेव्हा समालोचकानं घसा खाकरून चौदा जणांची नावं गावांसकट सांगितली.

आता माझ्या धंद्याबद्दल दोन मिनिटं. २०२३ च्या विम्बल्डनमध्ये आयबीएमनं सामन्यांच्या क्षणचित्रांना यंत्राकडून तयार केलेलं समालोचन जोडलं. हे पुढे वाढत जाणार आणि मराठीतही येणार. लोकांना वाटतं, की यंत्राला जात नाही, गाव नाही, बाई-पुरुष नाही, तेव्हा ते तरी निष्पक्ष बोलेल. तसं होत नाही, आणि का होत नाही ते सोपं आहे. यंत्र भाषा शिकतं ते माणसांनी आधी बोललेल्या लाखो वाक्यांवरून. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द वारंवार येतो हे ते बघतं. 'ग्रामीण' शेजारी 'काटक' आणि 'महिला' शेजारी 'लेकी' शेकडो वेळा आलं असेल, तर तेही तसंच बोलणार. ज्या नावांबद्दल कोणी बोललंच नाही, ती नावं त्याला येणारच नाहीत. जुन्या तराजूवरून नवा तराजू घडवला तर पासंगही नव्यात उतरतो, आणि आता तर माइक धरणारा माणूसही समोर नसतो, की ज्याला आपण सामना संपल्यावर गाठून चार शब्द सुनावू. म्हणून आज आपल्या गावातल्या मैदानावर, आपल्या बोलीत काय बोललं जातं ते महत्त्वाचं आहे. आपल्याकडे टेनिस बॉलच्या सामन्यांना आगरीत समालोचन करणारे आहेत, लोक त्यांच्यासाठी सामने बघतात. उद्याच्या यंत्राचं शिक्षण हीच मंडळी आज नकळत करत आहेत.

तक्रार करून खाली बसणं इंजिनिअरला शोभत नाही. म्हणून तीन गोष्टी सुचवते.

पहिली घरी करायची. मुलांबरोबर एखादा सामना बघताना एक कागद घ्या, त्यावर चार रकाने पाडा: शरीर, डोकं, मेहनत, नशीब. समालोचक कोणाबद्दल काय बोलतो त्याची त्या त्या रकान्यात खूण करत जा, खेळाडूच्या नावासकट. तासाभरात कागद बोलायला लागतो. आठवी-नववीतली मुलं हा खेळ फार आवडीनं खेळतात, आणि एकदा खेळलेलं मूल पुन्हा कधी आंधळेपणानं ऐकत नाही. पण घाईनं निष्कर्ष काढू नका. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही. निरनिराळ्या सामन्यांचे कागद जमवा आणि मग बोला. गणिताच्या सरांनी आपल्याला हेच शिकवलं आहे.

दुसरी आपल्यातल्या माइक धरणाऱ्यांसाठी. इथे दोघं-तिघं तरी आहेत, मी चेहरे बघते आहे. घरच्या संघाच्या बाजूनं बिनधास्त ओरडा, त्याची मजा घालवू नका. फक्त प्रत्येक खेळाडूचं पूर्ण नाव घ्या आणि गुण मिळाला की तो कसा मिळाला ते सांगा. 'काटक पोरगी' ऐवजी 'कोपरा उघडा पडलेला तिनं बरोबर हेरला'. ज्या मुलीचं डोकं माइकवरून एकदा सगळ्या गावानं ऐकलं, तिच्या घरी दहावीनंतर खेळ बंद करण्याचं बोलणं थोडं तरी अवघड होतं. मला हे फार मोठं काम वाटतं.

तिसरी आपल्या सगळ्यांसाठी. शाळेच्या क्रीडास्पर्धेला आपण माजी विद्यार्थी मदत करतोच. या वर्षीपासून मदतीबरोबर एक अट घालूया. मुलींचा अंतिम सामनाही संध्याकाळी, त्याच मैदानावर, त्याच समालोचकाच्या आवाजात होईल, आणि सामना चालू असताना एकही सत्कार होणार नाही. सत्कार मध्यंतरात करा, पाच मिनिटं मिळतात, पुष्कळ झाली. संयोजक समितीतल्या मित्रांना मी हे लेखी दिलं आहे. ज्यांना पटलं असेल त्यांनी जाण्यापूर्वी त्या कागदावर सही करावी. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.